अंडपेशीला लगाम कशाचा?

अंडाशयात दर महिन्याला नवी अंडपेशी तयार होते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्याकडे साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्मापर्यंत त्यांतल्या दहा-वीस लाख उरतात. पुढे फक्त घट. त्यामुळे 'नवी, ताजी स्त्रीबीजे' देऊ करणाऱ्या पावडरींचे पैसे वाचवलेलेच बरे.

जन्माआधीच या पेशी अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) सुरू करतात आणि मध्येच थांबतात. काही तर चाळीस-पंचेचाळीस वर्षे तशाच राहतात. मग संप्रेरकाचा हुकूम आला की त्या पुढे सरकतात, असे वाटणे साहजिक आहे. पण 1935 साली पिंकस आणि एन्झमन या संशोधकांनी सशाच्या अंडपेशी पुटिकेतून, म्हणजे त्या जिच्यात वाढतात त्या पिशवीतून, बाहेर काढल्या, तर त्या हुकमाशिवाय आपणहून परिपक्व होऊ लागल्या! म्हणजे अंडपेशी वाट बघत नसते. तिला अडवून धरलेले असते.

अडवते कोण? पूर्ण वाढलेल्या अंडपेशीत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू भरपूर असेपर्यंत विभाजन बंद राहते. हा रेणू तोडणारे विकर (एन्झाइम), पीडीई3ए, तिच्यातच असते. पण भोवतालच्या पेशींतून सूक्ष्म जोडमार्गांनी सायक्लिक जीएमपी हा त्याचाच भाऊबंद रेणू आत झिरपतो आणि या विकराला गप्प बसवतो. मासिक चक्राच्या मध्यावर एलएच हे अंडपेशी बाहेर पडायला लावणारे संप्रेरक उसळले की भोवतालच्या पेशींतला सायक्लिक जीएमपी घटतो, विकर मोकळे होते, सायक्लिक एएमपी तुटतो आणि विभाजन पुढे नेणारे सीडीके1 हे प्रथिन जागे होते. केंद्रकाचे आवरण विरघळते, गुणसूत्रांचा अर्धा वाटा एका चिमुकल्या ध्रुवपेशीत टाकला जातो आणि गाडी पुन्हा थांबते, ती थेट शुक्रपेशी येईपर्यंत. माणसात एलएच उसळल्यापासून या दुसऱ्या थांब्यापर्यंत साधारण दीड दिवस लागतो.

एवढ्याने गर्भ घडत नाही. माणसाचा भ्रूण चार ते आठ पेशींचा होईपर्यंत मुख्यतः आईने अंडपेशीत साठवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतो. हा साठा लगाम सुटण्याआधीच भरावा लागतो. उंदराच्या काही अंडपेशींत केंद्रकातल्या केंद्रिका नावाच्या गोळ्याभोवती गुणसूत्रद्रव्याचे कडे झालेले नसते, म्हणजे त्यांची तयारी अपुरी असते. अशा पेशी परिपक्व होतात, फलितही होतात, पण भ्रूण दोन पेशींवर अडतो.

पुटिकेतून काढलेल्या कच्च्या अंडपेशी प्रयोगशाळेत पिकवताना नेमकी हीच अडचण येते. लगाम आपोआप सुटतो, साठा मात्र अपुरा. म्हणून एका नव्या पद्धतीत अंडपेशींना आधी सीएनपी देतात. शरीरात भोवतालच्या पेशींना सायक्लिक जीएमपी बनवायला लावणारा रेणू हाच. विभाजन दिवसभर रोखून धरतात आणि मगच पिकू देतात.