ट्राउटपालन: वाहत्या पाण्याचे आणि फिरत्या पाण्याचे

ट्राउट हा थंड पाण्यातला मांसाहारी मासा. भारतात पाळला जातो तो मुख्यतः रेनबो ट्राउट. त्याचे मूळ ठिकाण उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा आणि रशियाचा कामचात्का. १२ ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो चांगला वाढतो, २० च्या पुढे त्याचे खाणे मंदावते आणि २५ च्या आसपास तो दगावू लागतो. त्याला हौदात सांभाळण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत पाणी एका टोकाने आत घेऊन दुसऱ्या टोकाने सोडून देतात. दुसरीत तेच पाणी स्वच्छ करून पुन्हा पुन्हा फिरवतात. हिला आरएएस (रिसर्क्युलेटिंग ॲक्वाकल्चर सिस्टीम) म्हणतात.

वाहत्या पद्धतीत झऱ्याचे किंवा ओढ्याचे पाणी उताराने लांबट सिमेंटच्या हौदांत, म्हणजे रेसवेंत आणतात. काश्मीरमधले कोकरनाग केंद्र १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीने उभे राहिले, तर कुल्लू खोऱ्यातल्या पतलीकुहलला नॉर्वेचे साहाय्य मिळाले. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, हॅगरमन खोऱ्यात कड्यांतून फुटणारे झरे बारा महिने १५ अंशांच्या आसपास राहतात. तिथला ट्राउट व्यवसाय या झऱ्यांवरच वाढला.

या पद्धतीची मर्यादा ठरते ती प्राणवायूने. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे त्याहून कमी. बाहेर पडणाऱ्या पाण्यात निदान ६ उरायला हवा. म्हणजे माशांच्या वाट्याला आले ४. एक किलो खाद्य पचवायला माशांना अंदाजे ४०० ग्रॅम प्राणवायू लागतो असे धरले, तर किलोभर खाद्यामागे एक लाख लिटर पाणी वाहायला हवे. रेसवे पायऱ्यांनी उतरते बांधून मध्ये पाणी उंचावरून पाडले, तर ते पुन्हा प्राणवायू घेते आणि ही गरज बरीच खाली येते. त्याच किलोभर खाद्यातून ३० ग्रॅमच्या आसपास अमोनियाही तयार होतो, पण एवढ्या पाण्यात तो विरून जातो.

आरएएसमध्ये हे विरणेच बंद होते. किलोभर खाद्यामागे नवे पाणी ५०० लिटर किंवा त्याहूनही कमी. तेवढ्यात ३० ग्रॅम अमोनिया साठू दिला तर मासे जगणार नाहीत. म्हणून ओढा जे फुकट करतो त्या प्रत्येक कामाला इथे एक यंत्र बसवावे लागते. ड्रम फिल्टर विष्ठा आणि उरलेले खाद्य गाळतो. बायोफिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पाण्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड हवेच्या झोताने काढतात, प्राणवायू बाहेरून सोडतात. बायोफिल्टर थंड पाण्यात फार सावकाश तयार होतो. जिवाणू बसायला कित्येक आठवडे जातात. घाईने मासे सोडले की नायट्राइट चढते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासे गुदमरतात. अशा वेळी पाण्यात मीठ घालतात, कारण क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून कमी शिरते.

धोकेही दोन्हींकडे वेगळे. रेसवे नदीच्या मर्जीवर चालतो. जुलै २०२३ च्या पुरात कुल्लूतल्या ट्राउट फार्मांचे नुकसान झाले. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये काश्मीरमधला अचबलचा झराच आटला. आरएएसला पुराची भीती तशी कमी, विजेची मात्र फार. घनमीटरमागे ६० किलो मासे असतील आणि पंप व प्राणवायू दोन्ही बंद पडले, तर साधारण अर्ध्या तासात हौद मरू लागतो. जनरेटर आणि प्राणवायूचे सिलिंडर याला म्हणूनच पर्याय नाही. ओढ्यातून येणारे रोगजंतू बंद पाण्यात सहज शिरत नाहीत, पण एकदा शिरले की काढणे जिकिरीचे, कारण जंतुनाशकाने बायोफिल्टरचे जिवाणूही मरतात.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून (२०२०) दोन्हींना अनुदान मिळते. महाराष्ट्रात आरएएस दिसतो तो बहुधा तिलापियासारख्या उष्ण पाण्यातल्या माशांसाठी. इथे ट्राउट ठेवायचा तर पाणी गार करणारा चिलर सतत चालवावा लागेल, आणि त्या वीजबिलापुढे माशाचा भाव टिकेल असे वाटत नाही.

आरएएसमधल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो. पाण्यातल्या काही जिवाणूंपासून तयार होणारा जिओस्मिन त्याच्या चरबीत साठतो. तो घालवायला विक्रीआधी काही दिवस मासे उपाशी ठेवून स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या वेगळ्या हौदात सोडतात. त्या दिवसांत घटणारे वजन आणि लागणारे जास्तीचे पाणी, दोन्ही खर्चात धरावे लागतात.