बसेल, पण वळणार नाही : पिकअपच्या मोठ्या चाकांमागची गोष्ट

धुळ्यात ५२, ५३ आणि ६० असे तीन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. त्यामुळे टायरची दुकानं इथे किराणा दुकानांइतकीच अंगवळणी पडलेली. पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका दुकानासमोर एक तरुण पिकअप लावून उभा होता. मोबाइलमधला फोटो पुढे करत म्हणाला, "असं पाहिजे भो, चाक भरलेलं दिसलं पाहिजे." मिस्तरीनं फोटो पाहिला, पुढच्या मडगार्डखालच्या फटीत पंजा घातला, बाहेर काढला आणि म्हणाला, "बसेल. पण वळणार नाही."

मोठ्या चाकाची हौस आजची नाही. आमच्या खळ्यात आजोबांच्या लाकडी बैलगाडीची दोन चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती, लहानपणी ती माझ्या डोक्यावरून जायची. पण तो आकार हौसेचा नव्हता. तापीकाठची काळी जमीन पाऊस पडला की लोण्यासारखी होते, आणि अशा चिखलात लहान चाक आसापर्यंत रुततं. मोठं चाक गाळातून आणि खड्ड्यातून कमी जोरात वर येतं, बैलांच्या मानेवरचा ताण कमी होतो. गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद केलेली लोखंडी धाव लाकडावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसते आणि आरे, तुंबा सगळं आवळून धरते. चाक केवढं हवं हे जमीन आणि ओझं मिळून ठरवायचे.

१८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपनं मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचं रबरी टायर बनवलं आणि हा हिशेब फिरला. पुढे बैलगाडीलाही रबरी टायर आले. आमच्याकडे तिला टायरगाडी म्हणतात. तिचं चाक लाकडी चाकापेक्षा कितीतरी लहान, तरी ओझं जास्त. कारण खाली हवा आणि आत बेरिंग. म्हणजे चाक लहान होऊनही गाडीची ताकद वाढली. मोठ्या टायरसाठी हट्ट धरणाऱ्यांना मी ही टायरगाडी नेहमी आठवायला सांगतो.

मग आली जीप. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ६.००-१६ मापाचं टायर होतं : रुंदी सहा इंच, रिम सोळा इंच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं हीच विलीज जीप इथे जोडायला घेतली. त्या जीपचं एक माप अजून आपल्या मागे आहे. तिच्या चाकाला पाच बोल्ट होते आणि त्यांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ साडेपाच इंचांचं, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. दुकानदार ज्याला पीसीडी म्हणतात ते हेच. महिंद्राच्या जीपांनी ते वर्षानुवर्षं वागवलं. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या पिकअपांचंही वर्तुळ १३९.७ चंच, फक्त बोल्ट सहा. बोल्ट जुळले म्हणून रिम बसलीच असं मात्र समजू नये. मधलं भोक वेगळं निघतं, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचं अंतर) वेगळा निघतो, आणि रिम बाहेर सरकली की बेरिंगवर येणारा भारही सरकतो.

टायरवरच्या आकड्यांची गोष्ट आम्हा कापसाच्या मुलखातल्या लोकांना जवळची वाटावी अशी आहे. टायरवर ८ पीआर, १० पीआर असं लिहिलेलं असतं, पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. सुरुवातीला हा आकडा म्हणजे रबराच्या आत घातलेल्या सुती थरांची मोजणी होती. पुढे सुताच्या जागी रेयॉन आलं, मग नायलॉन. आता ८ पीआरच्या टायरमध्ये आठ थर नसतात, फक्त जुन्या आठ सुती थरांइतकी ताकद असते. कापूस गेला, पण त्याचा हिशेब टायरवर राहिला.

फ्रान्सच्या मिशलॅं कंपनीनं १९४६ मध्ये रेडियल टायरचं, म्हणजे आतले दोर आडवे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या टायरचं, पेटंट घेतलं, भारतात ते १९७७ मध्ये जेके टायरनं आणलं. मापं लिहिण्याची रीतही बदलली. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि रिम १५ इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! सातबारा हेक्टर-आरमध्ये आणि पारावरचं बोलणं एकरात, त्यातलाच प्रकार.

मालवाहू गाड्यांचा इथला इतिहास मात्र लहान चाकांचा आहे. टाटाची २०७ १९८८ मध्ये आली, एस २००५ मध्ये. एसला, म्हणजे आपल्या छोटा हत्तीला, १२ इंची रिम. भाव होता तो गल्लीबोळातून माल नेण्याला, दिसण्याला नव्हता. रावेर, सावदा, यावलकडे केळीच्या बागेतून घड बाहेर काढणाऱ्या पिकअपांनाही टायर लागतं ते ओझं पेलणारं. दिसण्यासाठी पिकअप घेणारा वर्ग व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि हायलक्स २०२२ मध्ये आली तेव्हापासून जास्त दिसू लागला. मोठ्या चाकांची ही हौस मूळची अमेरिकेतली. सेंट लुइसच्या बॉब चॅंडलरनं आपल्या फोर्ड पिकअपला अवाढव्य टायर चढवले आणि १९८१ मध्ये जुन्या मोटारींवरून ती चालवून दाखवली. तिथून मॉन्स्टर ट्रक निघाले. आइसलॅंडमध्ये तशीच चाकं बर्फावर तरंगण्यासाठी, हवा बरीच कमी करून वापरतात. तिकडे त्यामागे काम आहे. आपल्याकडे फोटो आला, काम आलं नाही.

आता हिशेब. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातलं तर ७३३. गाडी उंच होते ती यातल्या अर्ध्यानं, म्हणजे फक्त १५ मिलिमीटर, अंगठ्याच्या रुंदीहूनही कमी! पण चाकाचा घेर चार टक्क्यांहून जास्त वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टवर असते, आणि चाकावरची ओढ जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी घटते. सपाटीवर कळत नाही. धडगावकडे जाताना चांदसैलीच्या घाटात, मागे माल भरलेला असताना, खालचा गिअर आधीच टाकावा लागतो तेव्हा कळतं. नुसता दिसण्यापुरता बदल हवा असेल तर मी २१५/७० आर १६ सुचवतो. रिम मोठी दिसते आणि व्यास फक्त चार मिलिमीटरनं वाढतो. भिंत मात्र एक सेंटिमीटरनं कमी होते, खड्ड्यात रिमला मार बसायची शक्यता तेवढी वाढते.

भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतं ते सांगणारा त्यावरचा आकडा, बघायला लोक सर्रास विसरतात. १०० भारांकाचं टायर ८०० किलो पेलतं, ९४ चं ६७०. ९४ च्या चार टायरचे मिळून २६८० किलो झाले, आणि भरलेली गाडी तीन टनांची असेल तर नवं, चकचकीत, रुंद टायर जुन्यापेक्षा कच्चं ठरतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. पासिंगच्या दिवशी मूळ चाकं चढवून नेण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, अपघातानंतर ती कामाची नाही.

दुकानात त्या दिवशी मिस्तरीनं वाद घातला नाही. मागे भरलेली पोती ठेवायला सांगितली, मोठं टायर पुढच्या एका बाजूला चढवलं, कडांवर खडू घासला आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावलं. मडगार्डच्या आत पांढरी रेघ उमटली. "आता यावर चिखल चिकटल्यावर किती घासेल सांग," तो म्हणाला. पोरगा रेघेवर बोट फिरवत बराच वेळ उभा होता, मग त्यानं स्टेपनीचं माप वाचलं आणि तेच मागितलं.