शाळेतली मारामारी : टाळी खरंच दोन हातांनी वाजते का?

'टाळी एका हाताने वाजत नाही, म्हणून दोघांनाही सारखीच शिक्षा हवी.' हा समज फार जुना आहे. तो न्याय्य वाटतो, कारण त्यात कुणाची बाजू घेतल्यासारखं होत नाही.

पण भांडण आणि छळ या वेगळ्या गोष्टी आहेत. भांडण साधारण बरोबरीच्यांत होतं. छळात त्रास मुद्दाम, वारंवार दिला जातो आणि ताकद एका बाजूला जास्त असते. कधी अंगाची, कधी टोळक्याची. शिक्षकांच्या नजरेला अनेकदा दुसरा फटका पडतो, पहिला नाही. बहुतेक देशांचे कायदेही हल्ला आणि स्वसंरक्षण यांत फरक करतात. पण प्रतिकार धोक्याच्या प्रमाणात हवा. दुसऱ्या दिवशी गाठून मारणं मात्र स्वसंरक्षण नव्हे.

पडताळायचं कसं? दोघांशी वेगवेगळं बोला. हे कधीपासून चाललंय? आधी तक्रार केली होती का? निघून जाता आलं असतं का? बघ्या मुलांनाही एकेकट्याने विचारा. शाळेची नियमावली मागवून वाचा.

सरसकट शिक्षेत मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की सोसणारं मूल पुढच्या वेळी सांगायलाच येत नाही.