शिक्षक-प्रशिक्षणातलं ऑनलाइन प्रत्याभरण (खान्देशच्या संदर्भात)

प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक. पहिला शब्द बीएडच्या पुस्तकात आणि परीक्षेच्या पेपरात, दुसरा रोजच्या बोलण्यात, आणि पाठ संपवून वर्गाबाहेर आलेल्या छात्राध्यापकाला (म्हणजे बीएड करणाऱ्या, शिकवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला) मैत्रीण विचारते ते तिसरंच, "शेरा काय मिळाला?" गोंधळ इथूनच सुरू होतो. निरीक्षण वहीत "पाठ चांगला झाला, फलक लेखन सुधारा" असं लिहून खाली सही झाली की तो झाला शेरा. पण "तू प्रश्न विचारला आणि एक सेकंदही न थांबता उत्तर स्वतःच सांगून टाकलं, उद्या मनात तीन मोजून मग बोल आणि मागच्या बाकावरचे किती हात वर येतात ते बघ" असं कोणी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच बघायला आलं, तर ते प्रत्याभरण. हे दुसरं काम इंटरनेटवरून, दुरून, करता येतं का आणि त्याने शिक्षकाचं शिकवणं बदलतं का, हा या संशोधनाचा विषय आहे.

(तीन सेकंदांची गोष्ट मनाची नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या टेप ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, स्वतःहून बोलणारी मुलं वाढतात.)

मूळ कुठलं

इंटरनेटही नव्हतं तेव्हापासून या कल्पनेचं मूळ सूक्ष्म अध्यापनात (मायक्रोटीचिंग) आहे. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली, पाच-दहा विद्यार्थी, एकच कौशल्य, पाच-दहा मिनिटांचा पाठ, आणि लगेच त्याच्यावर चर्चा, व्हिडिओ रेकॉर्डिंग असेल तर ते लावून. भारतात एनसीईआरटी या राष्ट्रीय शिक्षण संशोधन संस्थेने तिला आपल्या कॉलेजांना झेपेल असं रूप दिलं, व्हिडिओ नसला तरी चालेल, सहाध्यायीच विद्यार्थी बनतील. त्याचं ३६ मिनिटांचं चक्र आपल्याकडे बीएड केलेल्या प्रत्येकाला पाठ असतं: अध्यापन ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६, पुनर्प्रत्याभरण ६. हे आकडे नुसते पाठ करण्यापेक्षा जरा मांडून बघावेत. ३६ पैकी शिकवण्याला फक्त १२ मिनिटं आहेत, बाकीची २४ त्या शिकवण्यावर बोलायला आणि विचार करायला ठेवलीत. म्हणजे ज्याने चक्र आखलं त्याच्या लेखी पाठ हे निमित्त होतं, खरं शिकणं पाठानंतर होतं. आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच गळतं, वेळ कमी पडला की पुनर्अध्यापन वर्गात न होता फाइलीत होतं. मला हे फार लागतं, कारण दुसऱ्यांदा शिकवायला मिळालंच नाही तर पहिल्या वेळी ऐकलेल्या सूचनेचं करायचं काय?

संशोधन काय सांगतं

फीडबॅक दिला की सुधारणा होतेच असं सगळ्यांना वाटतं. १९९६ मध्ये क्लुगर आणि डिनिसी या दोघांनी तोपर्यंतच्या प्रयोगांमधले ६०७ परिणाम एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरली होती. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, मी हुशार की ढ, मला येतं की नाही, की नुकसान सुरू होतं. २००७ मध्ये हॅटी आणि टिम्परली यांनी हेच जरा सुटसुटीत मांडलं: चांगलं प्रत्याभरण तीन प्रश्नांची उत्तरं देतं, मला कुठं जायचंय, मी आत्ता कुठं आहे, आणि पुढची पायरी कोणती. "शाब्बास" किंवा "तुझ्यात शिक्षकाचा पिंडच नाही" ही दोन्ही वाक्यं माणसाबद्दल आहेत, त्यातून पुढची पायरी कळत नाही.

शिक्षकांपुरतं बघायचं तर २००४ मध्ये शीलर, रूल आणि मॅकअफी यांनी आधीचे अभ्यास तपासले आणि खात्रीने सांगता येईल असा एकच गुण हाती लागला: प्रत्याभरण लगेच मिळालं पाहिजे. आठवड्याने मिळालेली वही छान लिहिलेली असली तरी तोवर तो वर्ग, ती पोरं, तो क्षण मनातून पुसट झालेला असतो. यातूनच पुढे कानात ब्लूटूथ घालून, इंटरनेटवरून पाठ बघत, चालू वर्गात हळूच सूचना देण्याचे प्रयोग झाले. ऐकायला विचित्र वाटतं पण मार्गदर्शक शेकडो किलोमीटरवर बसून हे करू शकतो हे त्यातून दिसलं.

सगळ्यात बोलका अभ्यास २०११ चा, व्हर्जिनिया राज्यातला. माध्यमिकच्या ७८ शिक्षकांचा. शिक्षकाने आपल्या तासाचं रेकॉर्डिंग पाठवायचं, प्रशिक्षकाने त्यातले दोन-तीन छोटे तुकडे निवडून त्यावर प्रश्न लिहायचे, मग फोनवर बोलायचं, आणि हे वर्षभर परत परत. फरक मुलांच्या परीक्षेत दिसला, तो पण पुढच्या वर्षी: शंभरात पन्नास जणांच्या पुढे असलेला सरासरी विद्यार्थी एकोणसाठ जणांच्या पुढे जावा एवढा. यात भारी लेक्चर नव्हतं. दुसऱ्या माणसाने तुमच्या वर्गाची दीड मिनिटं लक्ष देऊन बघितली, एवढंच.

२०१८ मध्ये क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी शिक्षकांना कोचिंग (म्हणजे वर्ग बघून एकेकाला परत परत मार्गदर्शन) देण्याचे ६० अभ्यास एकत्र केले, आणि समोर बसून दिलेलं कोचिंग व दुरून दिलेलं कोचिंग यांच्या परिणामात म्हणण्यासारखा फरक त्यांना सापडला नाही. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावच्या शाळेत असलेल्या माणसासाठी याच्याइतकी चांगली बातमी नाही. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट पण आहे, शंभराहून कमी शिक्षकांच्या कार्यक्रमांचा परिणाम मोठा आणि त्याहून मोठ्या कार्यक्रमांचा जवळपास निम्मा. संख्या वाढली की बघणारा डोळा पातळ होतो.

स्वतःचा व्हिडिओ स्वतः बघणं पुरेल का? २०११ च्या एका जर्मन अभ्यासात स्वतःचा तास पाहणारे शिक्षक जास्त गुंतले, त्यांना तो जिवंत वाटला, पण चुकलेल्या जागांवर बोट ठेवण्यात दुसऱ्याचा तास पाहणारे पुढे होते. म्हणून जोडी लागते.

आपल्याकडे ऑनलाइन म्हणजे काय आलं

केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ स्वयम २०१७ च्या जुलैमध्ये आलं, शालेय शिक्षणासाठीचं दीक्षा त्याच वर्षी ५ सप्टेंबरला. अप्रशिक्षित शिक्षकांसाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची डीएलएड ही प्राथमिक शिक्षकाची पदविका स्वयमवरून झाली आणि देशभरातून लाखो जणांनी नाव घातलं. निष्ठा ही केंद्र सरकारची शिक्षक-प्रशिक्षण योजना २०१९ मध्ये समोरासमोरच्या प्रशिक्षणाने सुरू झाली, कोविड आल्यावर ऑक्टोबर २०२० पासून दीक्षावर गेली, प्राथमिकच्या शिक्षकांसाठी १८ मॉड्यूल, व्हिडिओ बघा, वाचा, शेवटी प्रश्नमंजुषा सोडवा, प्रमाणपत्र डाउनलोड करा. पोहोच म्हणून ही प्रचंड गोष्ट आहे, एरवी साक्री किंवा रावेरच्या शिक्षकापर्यंत हे साहित्य गेलंच नसतं, ते कमी लेखू नये. पण प्रश्नमंजुषेचं बरोबर-चूक हे त्या मॉड्यूलबद्दलचं प्रत्याभरण आहे, शिक्षकाच्या वर्गाबद्दलचं नाही. वर्ग कोणी बघितलाच नाही.

खान्देशात

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात (स्थापना १९९०, आजचं नाव २०१८ पासून). एनसीटीईच्या (शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं केलं आणि आंतरवासिता, म्हणजे शाळेतली इंटर्नशिप, २० आठवड्यांची झाली, म्हणजे छात्राध्यापक महिनोन्‌महिने शाळेत असतो आणि त्याचे मेथडचे, म्हणजे विषय कसा शिकवायचा ते शिकवणारे, सर किंवा मॅडम कॉलेजात. एका मार्गदर्शकाकडे शिरपूरची एक शाळा, दोंडाईच्याची एक, तिसरी आणखी लांब, मे महिना जवळ आला की पारा ४४ च्या पुढे आणि शाळा सकाळची, सगळे पाठ बघणं माणसाला शक्यच नाही. ऑनलाइनची खरी गरज इथं आहे, कोर्ससाठी नंतर.

अडचणी पण इथल्याच. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर, रेंज टेकडीच्या एखाद्या कोपऱ्यावर मिळते, लाइव्ह पाठ दाखवणं सोडूनच द्या. त्याच्यावर मार्ग असा की पाठ लाइव्ह दाखवायचा नाही, तीन मिनिटांचा तुकडा फोनमध्ये ठेवायचा, संध्याकाळी बाजाराच्या गावी आलं की पाठवायचा, उत्तर व्हॉइस नोटने घ्यायचं. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, फळ्यावरचं अक्षर दिसत नाही, पण आवाज नीट येतो, आणि प्रश्न कसा विचारला, किती थांबला, कोण बोललं हे सगळं आवाजातच असतं. नुसतं ऑडिओ रेकॉर्डिंग पाठवलं तरी अर्ध्याहून जास्त काम होतं असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण भाषेची, आणि तिच्याबद्दल बाहेरच्या संशोधनात आपल्यासाठी तयार उत्तर नाही. धुळ्याकडच्या वर्गात पोरगं अहिराणीत म्हणतं "सर, माले नही समजनं", यावल-रावेरकडे घरात लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगरात भिलोरी नाहीतर पावरी, नवापूरकडे मावची. छात्राध्यापिकेने अपूर्णांक समजावताना मधेच घरच्या बोलीत एक वाक्य टाकलं आणि चार चेहरे उजळले, तर तो पाठाचा सगळ्यात चांगला क्षण. पण हे पुण्यात बसून व्हिडिओ बघणाऱ्याला प्रमाण भाषेची चूक वाटू शकतं आणि लिहून येतं "भाषा सुधारा". असा शेरा क्लुगर-डिनिसींच्या त्या एक तृतीयांशात जाऊन बसतो. म्हणून दुरून बघणारा माणूस निदान एक तरी इथली बोली कळणारा हवा, किंवा त्याच शाळेत आंतरवासितेला असलेली दुसरी छात्राध्यापिका जोडीला हवी, जी सांगेल की मॅडम, त्या वाक्यानंतरच पोरं बोलायला लागली.

रेकॉर्डिंगला मुख्याध्यापक आणि पालकांची संमती आधी घ्यावी लागते, मुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही, तो एकाच मार्गदर्शकाला जातो आणि चर्चा झाली की डिलीट होतो. आणि फोन ठेवायचा कुठं? बहुतेक जण मागच्या भिंतीला टेकवतात, त्यात फळा आणि शिक्षक दिसतो, मुलांच्या फक्त पाठी. संमती मिळाली असेल तर फोन फळ्याजवळच्या खिडकीत ठेवावा, मुलांकडे तोंड करून. मग बघणाऱ्याला शिक्षक नुसता ऐकू येतो, आणि कोणाच्या चेहऱ्यावर काय झालं ते दिसतं.