प्रवाही प्रकाशरसायन

अरुंद पारदर्शक नळीतून द्रावण अखंड वाहते ठेवून, वाहता वाहताच त्यावर प्रकाश टाकून अभिक्रिया घडवण्याची पद्धत. नळीचा किंवा काचेच्या पट्टीत कोरलेल्या वाटेचा आतला व्यास साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतो. अशा साधनाला मायक्रोरिॲक्टर म्हणतात.

प्रकाशावर रसायन-उद्योग चालवण्याची कल्पना जुनीच. इटलीतील बोलोन्याचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्ये, कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या आणि धूर न ओकणाऱ्या कारखान्यांचे चित्र रंगवले होते. पण लहान चंबूत जमलेली अभिक्रिया मोठ्या भांड्यात रखडते. प्रकाश द्रावणात जसजसा आत शिरतो, तसतशी त्याची तीव्रता घातांकी गतीने घटते (बीअर-लँबर्ट नियम). रुथेनियम-बायपिरिडिन या नारिंगी उत्प्रेरकाचे १ मिलिमोलर द्रावण घेतले, तर ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पहिल्या मिलिमीटरातच ९५ टक्क्यांहून अधिक शोषला जातो. भांडे कितीही रुंद असो, काम करते ती काचेलगतची पातळ साल, आत अंधारच. शिवाय काचेजवळ रेंगाळलेले उत्पादित पुन्हा पुन्हा उजेडात भाजून बिघडते, ते वेगळेच.

बारीक नळीत ही अडचण उरत नाही. २००५ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या केव्हिन बुकर-मिलबर्न यांच्या गटाने एफईपी या फ्लुओरोपॉलिमरची अतिनील-पारदर्शक नळी दिव्याभोवती गुंडाळून असा रिॲक्टर बनवला. बांधायला सोपी म्हणून ही रचना रुळली; दिव्याच्या जागी आता बहुधा एलईडी असतात. १ मिलिमीटर व्यासाच्या १० मीटर नळीत जेमतेम ८ मिलिलिटर द्रावण मावते. पंप मिनिटाला अर्धा मिलिलिटर ढकलत असेल, तर प्रत्येक थेंब सुमारे १६ मिनिटे प्रकाशात राहतो.

वायू लागणाऱ्या अभिक्रियांत तर या पद्धतीला तोड नाही. नळीत द्रव आणि ऑक्सिजनचे तुकडे आळीपाळीने सरकतात आणि दोहोंचा संपर्क भरपूर वाढतो. २०१२ मध्ये पोट्सडाम येथील माक्स प्लांक संस्थेत पीटर झेबर्गर आणि फ्रांस्वा लेवेक यांनी डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्लापासून आर्टेमिसिनिन हे हिवतापविरोधी द्रव्य सलग प्रवाहात बनवले. प्रकाशाने उत्तेजित झालेला सिंगलेट ऑक्सिजन हा त्यातला कळीचा घटक. धोकादायक पेरॉक्साइड तयार होतात खरे, पण एका क्षणी नळीत असतात ते मोजकेच.

तरी प्रवाह म्हणजे जादू नव्हे. दिवा जितके फोटॉन (प्रकाशकण) देतो तितकेच मिळणार. बुकर-मिलबर्न यांच्याच गटाने २०१४ मध्ये अनेक अभिक्रिया चंबूत आणि नळीत करून पाहिल्या, तेव्हा उतारा (कच्च्या मालातून मिळालेल्या उत्पादिताचे प्रमाण) बहुतेक ठिकाणी सारखाच निघाला. उत्पादन वाढवायचे तर नळी रुंद करून भागत नाही, अनेक नळ्या समांतर जोडाव्या लागतात आणि सगळ्यांत प्रवाह सारखा वाटणे कठीण जाते. रोजचा त्रास मात्र साधाच: साका बसून नळी तुंबते, नाहीतर आतून तपकिरी थर धरते. मग पंप चालू, दिवा चालू, तरी द्रावणापर्यंत उजेड पोहोचत नाही.