सुडोमोनासच्या पुड्यामागची शंभर वर्षे

अक्षय तृतीया जवळ आली की कोरेगाव-कराड भागात आल्याची आणि कडेगाव, वाळवा, मिरज पट्ट्यात हळदीची लागण सुरू होते. लागणीआधी बेणे बुडवायच्या, म्हणजे बेणेप्रक्रियेच्या द्रावणात सुडोमोनास किंवा बॅसिलस हे उपयोगी जीवाणू टाकणे आता कुणाला नवे नाही. कंदकूज लागू नये म्हणून ते टाकतात, हेही सगळ्यांना ठाऊक असते. मात्र हे जीवाणू मुळाशी जाऊन नेमके करतात काय, आणि पुडा वापरूनही कधीकधी गड्डे का कुजतात, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

मुळालगतच्या मातीत बाकीच्या रानापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्मजीव नांदतात, हे जर्मनीच्या लॉरेन्झ हिल्टनरने 1904 मध्ये मांडले. पुढे 1930 च्या दशकात ट्रायकोडर्मा ही बुरशी विषारी द्रव्य सोडून दुसऱ्या बुरशीला मारते, हे दिसून आले. मग 1943 साली अमेरिकेत सेल्मन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारे औषध सापडले. ते तयार करणाऱ्या जीवाणूचा एक वाण भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातीतून मिळाला होता. इथून दोन वाटा फुटल्या: जीवाणूने केलेले औषध काढून बाटलीत भरायचे, किंवा जीवाणूच मुळाशी नेऊन सोडायचा.

पहिली वाट झपाट्याने रुळली. जपानमध्ये नारा शहरातल्या कासुगा देवस्थानाच्या मातीतल्या जीवाणूपासून 1965 मध्ये भाताच्या करप्यावरचे कासुगामायसिन मिळाले. आपल्याकडे 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने 1960 च्या दशकात पिकांच्या बुरशीजन्य रोगांसाठी ऑरिओफंजिन शोधले. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन एकत्र असलेले स्ट्रेप्टोसायक्लिन तर आटपाडी, जत, माण, खटावच्या डाळिंबवाल्यांना पाठ आहे. तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग दिसला की कॉपरसोबत त्याची फवारणी ठरलेली.

या वाटेवरचा काटाही जुनाच आहे. कॅलिफोर्नियात नासपतीच्या बागांमध्ये स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे रोगजंतू 1971 मध्येच आढळले होते. स्ट्रेप्टोमायसिनसारखे माणसाच्या क्षयावरचे औषध बागेत फवारावे का, हा प्रश्न आपल्याकडे मात्र फार उशिरा गांभीर्याने घेतला गेला.

दुसरी वाट संथ होती, पण मला तीच जास्त रंजक वाटते. ऑस्ट्रेलियात अॅडलेड इथे अॅलन केर यांनी 1970 च्या दशकात के-84 नावाचा निरुपद्रवी जीवाणू पुढे आणला. फळझाडांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या जिवाणूचाच तो भाऊबंद. तो अॅग्रोसिन 84 नावाचे प्रतिजैविक सोडतो. गाठी आणणारा जिवाणू त्याला आपले खाद्य समजून आत घेतो आणि मरतो. रोपे लावण्याआधी के-84 च्या पाण्यात बुडवायची, एवढेच काम. रोग होऊन गेलेल्या झाडाला त्याचा काही उपयोग नाही.

खरा उलगडा गव्हाने केला. टेक-ऑल हा गव्हाच्या मुळांचा बुरशीजन्य रोग. एकाच रानात वर्षानुवर्षे गहू घेतला तर तो आधी वाढत जातो आणि काही वर्षांनी आपोआप ओसरतो. पीक फेरपालटीचा धडा गिरवलेल्या माणसाला हे उलटेच वाटेल! अशी माती उष्णता देऊन निर्जंतुक केली की तिचा गुण जातो. उलट तिचा थोडासा भाग दुसऱ्या मातीत मिसळला की गुण तिकडेही उतरतो. म्हणजे राखण करणारे काहीतरी जिवंत होते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन इथे जेम्स कुक, डेव्हिड वेलर आणि लिंडा थॉमॅशो यांनी गव्हाच्या मुळांवरचे सुडोमोनास तपासले. ज्यांच्यातली फिनॅझिन हे प्रतिजैविक बनवण्याची क्षमता मोडून टाकली, त्यांच्याकडून रोग नीट आवरेना. 1988 च्या या कामानंतर दोनच वर्षांत मातीत वाढणाऱ्या गव्हाच्या मुळांवर प्रत्यक्ष फिनॅझिन सापडले. हे द्रव्य फक्त प्रयोगशाळेच्या काचेत बनते, हा आक्षेप तिथे संपला.

मात्र हे जीवाणू एकटेदुकटे असताना औषध बनवत नाहीत. दाटी झाली की एकमेकांना रासायनिक इशारे पोचतात आणि मगच फिनॅझिनचे काम सुरू होते. दुसऱ्या एका प्रतिजैविकाच्या बाबतीत तर एक ग्रॅम मुळावर साधारण 1 लाख जीवाणू नसतील तर टेक-ऑल आटोक्यात येत नाही, असे 1998 मध्ये दिसले. कूज दिसल्यावर घाईने केलेली आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) का वाया जाते, ते यावरून कळते. जीवाणूंना मुळावर आधी बस्तान बसवावे लागते.

भारतात 1990 च्या दशकात कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने सुडोमोनास शंखजिऱ्याच्या भुकटीत घालून वापरायची पद्धत बसवली आणि पुडा दुकानात आला. सुडोमोनासला बीजाणू, म्हणजे कठीण काळात तगणारे टणक रूप, धरता येत नाही, त्यामुळे पत्र्याखालच्या उन्हात तो टिकत नाही. बॅसिलस बीजाणू धरतो, म्हणून जास्त तग धरतो. तो आयट्युरिन, फेंजायसिन अशी द्रव्ये सोडून बुरशीच्या पेशींचे आवरण फोडतो. युरोपने 2010 मध्ये क्लोरमेक्वॉट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून भारतीय द्राक्षे अडवली. तेव्हापासून तासगाव-पलूसच्या बागायतदाराला काढणीच्या तोंडावर भुरी या बुरशीजन्य रोगासाठी काय मारावे, याचा दहा वेळा विचार करावा लागतो. बॅसिलसला द्राक्षात जागा मिळण्यामागे हेही एक कारण आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये काढलेल्या मसुदा आदेशात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर 1 जानेवारी 2024 पासून पूर्ण बंद करण्याचे म्हटले होते. डाळिंबात या दोन वाटा एकमेकींवर आदळतात त्या अशा: ज्या आठवड्यात ड्रीपमधून सुडोमोनास सोडायचा, त्याच आठवड्यात कॉपर आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी होते. ते औषध निथळून मुळाशी उतरले, तर तेल्याचा जिवाणू कोणता आणि सुडोमोनास कोणता, हे ते बघत बसत नाही.