गोलांच्या हिशेबातला हरवलेला छेद

‘बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात, मग पासांचं एवढं विणकाम कशाला? चेंडू थेट पुढे मारा!’ फुटबॉलच्या समालोचनात हे आजही ऐकू येतं. यातला पहिला भाग खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

या समजुतीचं मूळ एका वहीत सापडतं. 18 मार्च 1950 रोजी इंग्लंडमध्ये स्विंडन टाउनचा ब्रिस्टल रोव्हर्सशी सामना चालू होता. हवाई दलात हिशेबाचं काम पाहणारे चार्ल्स रीप संथ चढाया पाहून वैतागले आणि मध्यंतरानंतर वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक चढाई नोंदवू लागले. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी शेकडो सामने असेच टिपले. 1968 साली बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्यांनी शोधनिबंध लिहिला. सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा कमी पासांच्या चढायांतून होतात, हे या नोंदींतून पुढे आलं आणि त्यावर लांब फटक्यांच्या खेळाची एक अख्खी परंपरा उभी राहिली.

पण अशा छोट्या चढाया मुळात होतात किती? रीप यांच्याच नोंदींनुसार सुमारे 91.5 टक्के! बहुतेक वेळा चेंडू दोन-तीन पासांतच हातचा जातो. आता शाळेतला अंश-छेद आठवा. समजा, 1000 चढायांत 10 गोल झाले. छोट्या चढाया 915, त्यांतून गोल 8, म्हणजे साधारण 114 चढायांमागे एक. लांब, म्हणजे तीनहून जास्त पासांच्या, चढाया अवघ्या 85, त्यांतून गोल 2, म्हणजे 42-43 चढायांमागे एक. तीच आकडेवारी, आणि लांब चढाई अडीच पटींहून अधिक फलदायी! ‘गोल झाला असेल तर चढाई छोटी असण्याची शक्यता’ आणि ‘चढाई छोटी असेल तर गोल होण्याची शक्यता’ या दोन निराळ्या संख्या आहेत. सशर्त संभाव्यतेत अट आणि घटना यांची अदलाबदल केली की छेदच बदलतो.

‘लकी’ जर्सीची श्रद्धाही याच चुकीवर पोसली जाते. ती घालून जिंकलेले सामने लक्षात राहतात, हरलेले कोणी मोजत नाही.

माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी 1990 आणि 1994 च्या विश्वचषकांतले सामने घेऊन हा छेद जागेवर आणला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, यशस्वी संघांना लांब चढायांतून दर चढाईमागे जास्त गोल मिळाले होते. अपयशी संघांत मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे लांब पासमालिका हे संघाच्या ताकदीचं कारण आहे की लक्षण, हा प्रश्न उरतोच. त्यात आणखी एक गुंता आहे. लांब चढायांत गोलाच्या दिशेने फटके जास्त जातात, पण फटक्याचं गोलात रूपांतर होण्याचं प्रमाण थेट, म्हणजे मोजक्या पासांच्या, खेळात अधिक असतं. बचावफळी सावरायच्या आत चेंडू पोहोचलेला असतो. इथे छेदात चढाया नसून फटके आहेत, आणि छेद बदलताच उत्तरही फिरलं.